ठिणगीची वेळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व्याख्यानमालेतील भाषण)



माजी विद्यार्थ्याने आपल्या व्यवसायातला एखादा विषय सर्वांना कळेल असा मांडावा, अशी समितीची अपेक्षा आहे. मी कळवलेला विषय ऐकून समितीतील एका स्नेह्यांनी, ‘इतके यंत्राचे बोलणे लोकांना रुचेल का?’ अशी शंका अगदी सौजन्याने व्यक्त केली. शंका रास्त होती. परंतु मघाशी फाटकातून आत येताना मैदानावर ओळीने उभ्या असलेल्या गाड्या मी पाहिल्या. चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करीत असेल, तर त्यात मिनिटाला ६००० ठिणग्या पडतात. आपण सारे इतक्या ठिणग्यांवर बसून इथवर आला आहात. तेव्हा त्यातली एक ठिणगी नेमकी केव्हा पडावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

माझ्या मराठीला तमिळ हेल आहे, तो आपण समजून घ्याल. आमचे घराणे तंजावूरचे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घरे कावेरीच्या काठी गेली, त्यांपैकी एक. वडिलांची रेल्वेतील बदली झाल्यामुळे पाचवी ते दहावी मी या शाळेत शिकलो, आणि ‘कर्मणी प्रयोग’ व ‘भावे प्रयोग’ यांतील भेद मला इथेच प्रथम कळला. पुढे तंजावूरला परतून अभियांत्रिकी महाविद्यालयात मोटारीच्या इंजिनांचा विषय मी तीस वर्षे शिकवला. तंजावूरचे नाव घेतले की लोक देवळाविषयी किंवा सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी विचारतात. इंजिनाविषयी कोणी विचारीत नाही. तरी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८२६ च्या मार्च महिन्यात बिशप हेबर तंजावूरला सरफोजीराजांच्या भेटीस आले. त्या भेटीची जी वर्णने आहेत, त्यांत राजांच्या दालनातील वस्तूंची नोंद आहे: मोठे पृथ्वीगोल, हस्तिदंती सांगाडा, खगोलाची उपकरणे, हवेचा पंप आणि वीज उत्पन्न करणारे यंत्र. माझा आजचा विषय यांतल्या शेवटच्या दोन वस्तूंचा आहे. हवेचा पंप आणि विजेची ठिणगी एका इंजिनात नांदू लागली की त्यांचे आपापसात कसे जमवायचे, हा प्रश्न सरफोजीराजांना पडण्याचे कारण नव्हते. आमच्या कार्यशाळेत तो नेहमी पडतो.

आधी ठिणगीचे पाहू. पेट्रोलच्या वाफेचे आणि हवेचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते, ठिणगी पडते आणि ‘स्फोट’ होतो, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचले. हा शब्द फसवा आहे. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. प्लगपाशी ज्योत जन्म घेते आणि गवताला लागलेली आग वाऱ्याबरोबर पुढे सरकावी तशी ती सिलिंडरभर पसरत जाते. पसरायला तिला वेळ लागतो. तो वेळ मिलिसेकंदांत मोजावा लागतो, पण ३००० फेऱ्यांच्या गतीला एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट १८ अंश फिरून जाते. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. ती किती अंश आधी पाडायची, यालाच इग्निशन टायमिंग म्हणतात.

झोपाळ्याला धक्का देणारी मुले हे न शिकता जाणतात. झोका आपल्याकडे येत असतानाच धक्का दिला तर हात दुखावतो आणि झोकाही अडखळतो. तो परतीला लागला की दिलेला धक्का कामी येतो. इंजिनात सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १५ अंश खाली उतरल्यावर यावा, म्हणजे धक्का कामी येतो. ठिणगी फार लवकर पडली तर दाब चढत्या पिस्टनच्या छातीवर बसतो. फार उशिरा पडली तर वायू जळतजळतच बाहेर जातो, जोर कमी होतो आणि एक्झॉस्टचा नळ तापून लाल होतो.

इतकेच असते तर एकदा अंश ठरवून मोकळे होता आले असते. पण फेऱ्या वाढल्या की ठिणगी लवकर हवी. त्यासाठी जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, ज्याला आपले मेकॅनिक ‘डेल्को’ म्हणतात, फिरत्या वजनांची योजना असते. हलक्या भाराला मिश्रण विरळ असते आणि सावकाश जळते, तेव्हाही ठिणगी लवकर हवी. त्यासाठी डेल्कोच्या बाजूला पडद्याची डबी असते आणि ती इंजिनाच्या ओढीवर हलते. हवेशी, भाराशी आणि गतीशी हा नित्य व्यवहार चाललेला असतो. आजच्या गाडीत हेच काम संगणक करतो. व्यवहार मात्र तोच आहे.

आता यात हवेचा पंप आणू. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. इंजिन स्वतः जेवढी हवा ओढू शकते त्याहून अधिक हवा तो सिलिंडरात कोंबतो. (टर्बोचार्जर हे त्याचे भावंड, तो धुराच्या जोरावर फिरतो.) अधिक हवा म्हणजे अधिक पेट्रोल, म्हणजे अधिक जोर. १९३० च्या दशकात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ड्युसेनबर्ग ही अमेरिकन गाडी मागवली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून नारिंगी आणि काळ्या रंगांचा साज चढवून घेतला. आठ सिलिंडरांचे, सुमारे ६.९ लिटरचे ते इंजिन सुपरचार्जरवाले होते. साध्या इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे, आणि पंप बसवलेल्याची ३२०. इंदूर म्हणजे आमच्या कुंभकोणमच्या सर टी. माधवरावांनी १८७३ ते १८७५ या काळात जिथे दिवाणगिरी केली ते संस्थान, त्यामुळे त्या गाडीविषयी मला उगाचच आपलेपणा वाटतो.

पण ही शक्ती फुकट मिळत नाही. दाट मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडली तरी चालते. हे झाले सोपे कारण. दुसरे कारण अवघड आहे. हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते, ते आपण अनुभवले आहे. जुन्या पद्धतीचा पंप हवेचा दाब दीडपट करीत असेल आणि बाहेर २५ अंश सेल्सियस तापमान असेल, तर पंपातून निघालेली हवा सुमारे ९० अंशांची असते. बाहेर ४० अंश असतील तर ती ११० च्या घरात जाते. आधीच तापलेले, आधीच दाबलेले मिश्रण सिलिंडरात पुन्हा दाबले जाते. मग ज्योत एका टोकाकडून येत असताना दुसऱ्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण तिची वाट न पाहता एकदम स्वतःच पेटते. हा मात्र खरा स्फोट. त्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला सहा-सात हजार वेळा आपटतात आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. धातूच्या पृष्ठभागाला लगटून असलेला वायूचा पातळ थर उष्णतेपासून त्याचे रक्षण करीत असतो. या लाटा तो थर पुसून टाकतात आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन उघडा पडतो.

ठिणगी मागे घेतली की नॉकिंग थांबते, कारण सर्वाधिक दाब पिस्टन खाली उतरू लागल्यावर येतो आणि कोपऱ्यातले मिश्रण तेवढे चिरडले जात नाही. दुसरा उपाय इंधनाचा. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले, तेव्हा त्यांच्या मर्लिन इंजिनातील सुपरचार्जरचा दाब ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेता आला. इंजिन तेच होते. आपल्याला मात्र पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर भागवावे लागते, तेव्हा मुख्य भिस्त टायमिंगवर राहते.

आता एका गाडीची हकिकत सांगतो. गाडीचे, मालकाचे किंवा गॅरेजचे नाव सांगणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब तंजावूरला यायला निघाले. आईने मोडी लिपी शिकून घेतली होती आणि तिला सरस्वती महालातील कागद पाहायचे होते. गाडी वडिलांनी तरुणपणी हौसेने घेतलेली, जुनी, कार्बुरेटरची, चार सिलिंडरांची. मुलाने ती पुण्यातील एका गॅरेजमधून सुपरचार्जर बसवून घेतली होती. गॅरेजवाल्याने रूढ अंदाज वापरला होता: वाढीव दाबाच्या दर पौंडामागे एक अंश मागे. मुळात भरधाव गतीला ३२ अंश असत, पंपाचा दाब ७ पौंड, म्हणून २५ अंश. अंदाज वाईट नाही. सुरुवात करायला तो ठीकच आहे.

पुण्यात गाडी छान चालली. कधी चढावर बारीक खडखड होई. ती टॅपेटची आहे, असे त्यांना सांगण्यात आले. बंगळूरुलाही काही झाले नाही. धर्मपुरीपुढचा तोप्पूरचा घाट उतरून गाडी सेलमच्या सपाटीवर आली, तेव्हा आवाज वाढला. तिरुचिरापल्ली सोडल्यावर तो थांबेचना. वल्लमपाशी गाडीने निळा धूर सोडला आणि तिची ताकद गेली. दोरीने ओढत ती आमच्या ओळखीच्या मेस्त्रींच्या आवारात आणली गेली, आणि मराठी बोलणारी माणसे आहेत म्हणून मेस्त्रींनी मला बोलावून घेतले.

आम्ही कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडरांत १३० पौंडांच्या आसपास, तिसऱ्यात ७०. तिसऱ्याच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे चंदेरी कण होते. ते कण पिस्टनचे असतात. इंजिन उघडल्यावर त्या पिस्टनवरील दोन रिंगांच्या मधला कठडा तुटलेला निघाला.

मुलाचा पहिला प्रश्न असा होता की पुण्याहून इथे येईपर्यंत कोणी काहीही हलवले नाही, मग बिघडले कसे? उत्तर त्याच्या डॅशबोर्डवरच्या दाबाच्या काट्यात होते, म्हणजे खरे तर त्या काट्यात नव्हते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर आहे, बंगळूरु ९०० वर, आणि तंजावूर साठाच्याही आत. खाली उतरावे तसा हवेचा दाब वाढतो. पुण्याच्या मानाने आमच्याकडे तो साधारण सहा टक्के जास्त. पंप बाहेरच्या दाबाची दीडपट करतो, आणि काटा फक्त बाहेरच्यापेक्षा किती जास्त एवढेच दाखवतो. त्यामुळे तंजावूरला काटा पुण्यापेक्षा अर्ध्या पौंडाहूनही कमी हलला होता. सिलिंडरात शिरणाऱ्या हवेचा खरा दाब मात्र सव्वा पौंडाने वाढला होता. त्यात मे महिन्याचे ऊन. तापलेली हवा विरळ होते, म्हणून वाढलेल्या दाबाचा फायदाही पदरात पडत नाही. हवा वजनाने जवळजवळ तेवढीच, पण दाब जास्त आणि ताप जास्त. नफा काहीच नाही, धोका तेवढा वाढलेला. आमच्याकडच्या दमट हवेने नॉकिंगला थोडासा आळा बसतो, पण तो पुरेसा नव्हता.

तरीही माझे समाधान झाले नव्हते. २५ अंशांवर असे इंजिन एवढे लवकर तुटावे, हे हिशेबात बसेना. मेस्त्रींनी टायमिंग लाइट हातात घेण्याआधी प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारी खीळ बसवली, क्रँक हाताने दोन्ही बाजूंना फिरवून जिथे जिथे अडले तिथे पुलीवर खुणा केल्या आणि त्यांचा मध्य काढला. वरचे टोक शोधण्याची ही जुनी आणि खात्रीची रीत. मध्य निघाला तो पुलीवर कारखान्यातून कोरलेल्या खुणेपासून ५ अंश दूर. त्या पुलीच्या आतील आणि बाहेरील कड्यांमध्ये रबर असते. वर्षानुवर्षे तापून ते सुटले होते आणि बाहेरचे कडे खुणेसकट सरकले होते. गॅरेजवाल्याचा लाइट २५ दाखवत होता, तेव्हा ठिणगी खरोखर ३० अंशांवर पडत होती. पुण्याच्या उंचीवर आणि थंड सकाळी हे कसेबसे निभावले. टॅपेटची म्हणून सोडून दिलेली खडखड याचीच होती. मुळाची खूण खरी आहे की नाही हे न पाहता लाइट लावणे, हे आमच्या धंद्यातले सर्वांत सामान्य दुर्लक्ष आहे. त्यावर मी विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास प्रश्न घालीत असे.

नवा पिस्टन येईपर्यंत आठ दिवस गेले. आईचे काम त्या आठ दिवसांत झाले, वडिलांचा खर्च किती झाला ते मी विचारले नाही. पुलीवर नवी खूण केली. कॉन्टॅक्ट पॉइंटचे अंतर फिलर गेजने ०.४ मिलिमीटर केले, कारण ते बदलले की टायमिंगही बदलते, म्हणून पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम चुकवायचा नसतो. प्लग एक दर्जा थंड प्रकारचे घातले आणि त्यांची फट कमी केली. दाट वायूतून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. मग गाडी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील रोलरवर चढवली. सिलिंडर ब्लॉकला तांब्याची चपटी केलेली नळी बोल्टने आवळली, तिला रबरी नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक मेस्त्रींनी कानाला लावले. दुपारी दोनची वेळ मुद्दाम निवडली होती.

१८ अंशांपासून सुरुवात केली. २० वर नेल्यावर ओढ शंभरात दोनाने वाढली. २२ वर आणखी एकाने. २४ वर जी काही वाढ झाली असेल ती काट्याच्या थरथरीत हरवून गेली. २५ वर मेस्त्रींनी हात वर केला. कानात टिकटिक सुरू झाली होती. इंजिनाचा स्वभाव इथे उघड होतो. जोराची टेकडी माथ्यावर सपाट असते, तिथे दोन पावले मागेपुढे झाली तरी उंची बदलत नाही. पण त्या माथ्याच्या एका अंगाला उतार आहे आणि दुसऱ्या अंगाला कडा. उताराच्या बाजूला तीन अंश मागे आलो तर शंभरात एक-दोन जातो. कड्याच्या बाजूला एक अंश पुढे गेलो तर पिस्टन जातो.

मी २१ सुचवले. मुलाला २४ हवे होते. “सर, टिकटिक पंचविसाला आली, मग चोवीस का नको?” त्याचा मुद्दा तर्काला धरून होता, म्हणून त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. ४००० फेऱ्यांना तीन अंश म्हणजे सेकंदाचा आठ हजारावा भाग. पॉइंटचा ठोकळा झिजतो, डेल्कोची दांडी सैल होते, चार सिलिंडरांना हवा सारखी वाटली जात नाही, एखाद्या गावी पेट्रोल हलके मिळते, रेल्वेफाटकावर वीस मिनिटे उभे राहिल्यावर पंप भाजून निघालेला असतो. या साऱ्यांचा वाटा त्या आठ हजाराव्या भागातून द्यायचा आहे. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी डेल्कोचा बोल्ट आवळायला पाना मेस्त्रींच्या हातात दिला.

पालकांसाठी एक गोष्ट इथे सांगणे मला अगत्याचे वाटते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे की नोंदणीपुस्तकातील माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ माहितीहून वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सुपरचार्जर बसवण्याचा बेत घरात शिजत असेल तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत चौकशी करावी. हौसेला माझा विरोध नाही. मी स्वतः हौसेनेच या विषयात आलो. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर हौस करायला आता जागाही आहे. आमच्या राज्यात कोईमतूरपाशी आणि चेन्नईपाशी तसे मार्ग आहेत.

नव्या गाड्यांविषयी आपण विचाराल. त्यांत ब्लॉकला नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो, तो आमच्या मेस्त्रींच्या कानाचे काम करतो, आणि दुसरा सेन्सर नळीतील हवेचा खरा, संपूर्ण दाब मोजतो, त्यामुळे पुणे आणि तंजावूर यांतला फरक गाडीला स्वतःला कळतो. टिकटिक ऐकू येताच संगणक ठिणगी काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू पुढे आणतो. बाजारात ‘रीमॅप’ करून शक्ती वाढवून देणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्याने किती अश्वशक्ती वाढली हे जरूर विचारावे, पण किती तापमानाला, कोणत्या पेट्रोलवर आणि कुठल्या गावी मोजली, हे त्याआधी विचारावे.

त्या जुन्या गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला मेस्त्रींनी पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे: तंजावूर, मे, २१. मुलगा आता स्वतः पॉइंटचे अंतर तपासतो. अलीकडे त्याचा फोन आला होता. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याचा ऑक्टेन जास्त असतो असे त्याने वाचले होते. तेव्हा टायमिंग दोन अंश पुढे घ्यावे का, असे तो विचारीत होता. ऑक्टेन जास्त असतो हे खरे आहे. इथेनॉल वाफ होताना हवेला थंडही करते. पण त्याला जळायला हवा कमी लागते, आणि कार्बुरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे असल्यामुळे मिश्रण हलके पडते. हलके मिश्रण भाराखाली तापते. म्हणून आधी जेट बदलायचे, इंधनाच्या नळ्यांचे रबर पाहायचे आणि मग रोलरवर पुन्हा १८ पासून सुरुवात करायची. तो डिसेंबरात यायचे म्हणत होता, तेव्हा आमच्याकडची हवा सुखद असते. मी त्याला मे महिन्यातच यायला सांगितले आहे.